परभणीहून राजधानी किती लांब ?
(कोस, मजल आणि विमानवेळ यांचा एक पडताळा)

(१) प्रास्ताविक

दोन शहरांमधील अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं बालबोध वाटतो. नकाशा उघडावा, पट्टी लावावी, आंकडा सांगावा, कीं काम झालें. परंतु जुन्या कागदपत्रांशीं ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांस ठाऊक आहे कीं, या एका प्रश्नास निदान चार उत्तरें असूं शकतात, आणि तीं चारहि आपापल्या जागीं खरीं असतात. पृथ्वीच्या पाठीवरून सरळ रेषेनें मोजलेलें अंतर हें एक, पायवाट व गाडीवाट यांचें अंतर हें दुसरें, लोहमार्गाचें तिसरें, आणि प्रवाशास घरचा उंबरा सोडल्यापासून इष्ट स्थळीं पोंचेपर्यंत जो काळ लागतो तें चौथें. विमानाची सोय झाल्यापासून या चौथ्या प्रकाराकडे लोकांचें लक्ष विशेष गेलें आहे. अमुक शहर मुंबईपासून किती मैल, असें आतां फारसें कोणी विचारीत नाहीं. किती तास, असें विचारतात.

प्रस्तुत लेखांत परभणी हें एक स्थळ घेऊन या चार अंतरांचा मेळ कसा घालावा हें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. परभणीच घेण्याचीं कारणें दोन. एक, या जिल्ह्याची राजधानी इतिहासांत अनेकदां बदलली, त्यामुळें राजधानीपासूनचें अंतर ही येथें केवळ भूगोलाची बाब राहिलेली नाहीं. दुसरें, भारतवर्षांत ज्या दोन रेषांपासून अंतरें मोजण्याची पद्धत पडली, त्या दोहोंच्या जवळजवळ मधोमध हें शहर वसलें आहे. ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं, म्हणून ती प्रथम सांगतों.

(२) मध्यरेषा आणि देशांतर

आपल्या ज्योतिषांनीं रेखांशांची गणना उज्जयिनीपासून केली. लंकेपासून मेरूपर्यंत उज्जयिनीवरून जाणारी जी दक्षिणोत्तर रेषा तीच भूमीची मध्यरेषा, असें ते मानीत. एखादें गांव या रेषेच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस किती आहे, यास देशांतर म्हणत. देशांतर काढण्याचा त्यांचा उत्तम उपाय म्हणजे चंद्रग्रहण. चंद्र पृथ्वीच्या छायेंत शिरतो तो क्षण सर्वत्र एकच असतो. परंतु स्थानिक घटिका मात्र गांवोगांव भिन्न असतात. म्हणून स्पर्शकाळच्या घटिकांमधील फरक हाच त्या दोन स्थळांमधील पूर्वपश्चिम अंतराचा माप होय. साठ घटिकांत ३६० अंश, म्हणून एक घटिकेस ६ अंश, व दहा पळांस एक अंश. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर एक अंशास चार मिनिटें. शहरांमधील अंतर वेळानें सांगण्याची रीत विमानानें आणली असें नव्हे. ती आपणांकडे निदान हजार वर्षांची जुनी आहे, हें येथें लक्षांत ठेवावें. भेद इतकाच कीं, ज्योतिषी सूर्यास लागणारा वेळ मोजीत, आणि आपण प्रवाशास लागणारा मोजतों.

भास्कराचार्यांच्या 'करणकुतूहल' या ग्रंथांत (आरंभकाळ शके ११०५, इ. स. ११८३) मध्यरेषेवरील स्थळांची एक यादी आहे. तींत लंका, देवकन्या, कांची, सितपर्वत, पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी, गर्गराट, कुरुक्षेत्र व मेरु हीं नांवें क्रमानें येतात. यांतील वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. पर्यली म्हणजे परळी वैजनाथ असें समजण्यास नामसादृश्य अनुकूल आहे, व यादींतील क्रमहि अनुकूल आहे, कारण परळी वाशीमच्या दक्षिणेस पडते.

आतां आधुनिक मापांशीं ही यादी ताडून पाहूं. उज्जैनचे रेखांश ७५ अंश ४७ कला, परळीचे ७६ अंश ३२ कला, वाशीमचे ७७ अंश ८ कला. म्हणजे परळी मध्यरेषेच्या पूर्वेस पाऊण अंश, आणि वाशीम सुमारें सव्वा अंशाहून किंचित् अधिक. कांची तर जवळजवळ चार अंश पूर्वेस आहे. तेव्हां यादींतील सर्व स्थळें कांटेकोरपणें एका रेषेवर नाहींत हें उघड आहे. परंतु वाशीमची चूक काळांत मांडली तर ती साडेपांच मिनिटांच्या आंतच राहते. पाण्यांत बुडणाऱ्या घटिकापात्रानें वेळ मोजावयाचा, आणि चंद्रबिंबास छायेचा स्पर्श नुसत्या डोळ्यानें ठरवावयाचा, या दोन अडचणी ज्यानें विचारांत घेतल्या तो या चुकीस मोठी म्हणणार नाहीं.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. परळीहून वाशीमपर्यंत नकाशावर एक रेघ ओढली तर ती परभणी शहराच्या अवघ्या कांहीं किलोमीटरांवरून जाते. परभणीचे रेखांश ७६ अंश ४६ कला, म्हणजे उज्जैनच्या पूर्वेस जवळजवळ बरोबर एक अंश, अथवा दहा पळें. भास्कराचार्यांची यादी प्रमाण मानून पंचांग करणारा या भागांतील जोशी आपल्या गांवास देशांतरसंस्कार शून्यच धरील. आजचें पंचांग करणारास मात्र उज्जैनच्या मानाहून चार मिनिटांचा फरक करावा लागेल.

दुसरी रेषा अर्वाचीन. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लॅम्टन यानें दक्षिणेंत जी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तिची मुख्य साखळी दक्षिणोत्तर अशी उत्तरेकडे वाढत गेली. लॅम्टन इ. स. १८२३ मध्यें हिंगणघाट येथें वारला, व काम एव्हरेस्ट यानें पुढें चालविलें. सिरोंजजवळचें कल्याणपूर हें ठिकाण पुढें भारताच्या मोजणीचें मूळस्थान ठरलें. त्याचे रेखांश ७७ अंश ३९ कला. म्हणजे परभणी या नव्या रेषेच्या पश्चिमेस ५३ कला, सुमारें ९३ किलोमीटर. आणि जुन्या मध्यरेषेच्या पूर्वेस ५९ कला, सुमारें १०४ किलोमीटर. अंतरें मोजण्याचे जुने व नवे असे दोन्ही उंबरे या शहरापासून जवळपास सारखेच लांब आहेत.

(३) सरळ अंतर कसें काढावें

अक्षांश व रेखांश हातीं असले म्हणजे सरळ अंतर काढण्यास मोठें गणित लागत नाहीं. अंतर चारपांचशें किलोमीटरांच्या आंतील असेल तर भुज, कोटि व कर्ण यांचा आपला जुना नियमच पुरतो. अक्षांशाचा एक अंश सुमारें ११०.७ किलोमीटरांचा. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरांहून किंचित् मोठा, पण उत्तरेकडे जातां लहान होत जातो. १९ अंश अक्षांशावर तो सुमारें १०५ किलोमीटर भरतो.

परभणी व मुंबई यांचें उदाहरण घेऊं. परभणीचे अक्षांश १९ अंश १६ कला, मुंबईचे १९ अंश ५ कला. दोहोंमध्यें फरक केवळ ११ कलांचा, म्हणजे वीसएक किलोमीटरांचा. मुंबईचे रेखांश ७२ अंश ५३ कला. तेव्हां रेखांशांतर ३ अंश ५३ कला, म्हणजे सुमारें ४०८ किलोमीटर. भुज ४०८ व कोटि २० घेतली तर कर्ण ४०९ च्या आसपास येतो. व्यवहारांत ४१० धरावे. यावरून असें दिसतें कीं, मुंबई ही परभणीच्या जवळजवळ सरळ पश्चिमेस आहे, आणि दोन ठिकाणच्या मध्यान्हांत साडेपंधरा मिनिटांचें अंतर आहे.

याच रीतीनें परभणी ते हैदराबाद सुमारें २७७ किलोमीटर येतें. परभणी ते छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) सुमारें १६४. आणि परभणी ते पुणें सुमारें ३१७. हीं चार अंतरें वाचकांनीं ध्यानांत ठेवावींत. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

(४) कोस म्हणजे किती ?

जुन्या कागदांत किलोमीटर नाहींत, कोस आहेत. आणि कोस हा शब्द एक असला तरी माप एक नाहीं. 'लीलावती'च्या (शके १०७२, इ. स. ११५०) कोष्टकाप्रमाणें चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश, व चार क्रोशांचें एक योजन. हात १८ इंचांचा धरला तर हा क्रोश २.२७ मैलांचा भरतो. 'आईन-इ-अकबरी'मध्यें अकबराचा कोस ५००० गजांचा सांगितला आहे. इलाही गज इंग्रजांनीं ठरविल्याप्रमाणें ३३ इंचांचा घेतला तर तो कोस २.६ मैलांचा होतो. आपल्या खेड्यापाड्यांतून मात्र कोस म्हणजे दोन मैल असाच हिशेब रूढ झाला.

परभणी ते मुंबई हें ४१० किलोमीटरांचें, म्हणजे २५५ मैलांचें सरळ अंतर घ्या. गांवठी कोसानें तें सुमारें १२७ कोस, लीलावतीच्या कोसानें ११२, आणि अकबरी कोसानें ९८. एकाच अंतराचे हे तीन आंकडे तीन कागदांत सांपडले, तर पहिला कागद खोटा कीं तिसरा, असा वाद घालण्याचें कारण नाहीं. कोणत्या दफ्तरांतला कोस, हें प्रथम विचारावें.

योजनाची गोष्ट याहून विलक्षण आहे. वरील कोष्टकाप्रमाणें योजन नऊ मैलांचें होतें. परंतु भास्कराचार्यांनीं 'सिद्धांतशिरोमणी'त पृथ्वीचा परिघ ४९६७ योजनें दिला आहे. परिघ सुमारें ४०,००० किलोमीटर आहे हें आज निश्चित असल्यानें, तेथील योजन आठ किलोमीटरांचें, म्हणजे पांच मैलांचें ठरतें. एकाच ग्रंथकाराच्या दोन ग्रंथांतील योजनाचा असा मेळ बसत नाहीं, कारण हाताचें माप सर्वत्र १८ इंच होतें हें आपणच गृहीत धरतों. यास्तव प्राचीन योजनांचें मैलांत रूपांतर करून त्यावरून एखाद्या स्थळाची निश्चिति करणें हें धोक्याचें काम आहे.

(५) मजल, आणि पाथरीचें उदाहरण

आगगाडीच्या पूर्वीं अंतराचें खरें माप मजल हेंच होतें. एका दिवसांत जितकें चालून मुक्काम करतां येईल तितकी मजल. तींत वाट, ऋतु, पाणी, चारा व चालणाराचें बळ या सर्वांचा हिशेब आपोआप होत असे. फौजेची मजल लहान, सांडणीस्वाराची मोठी, आणि टप्प्याटप्प्यावर माणसें बसविलेल्या डाकेची सर्वांत मोठी.

संशोधकास याचा उपयोग असा. पुणें ते पाथरी हें सरळ अंतर सुमारें २८४ किलोमीटर. वाटेच्या वळणांसाठीं त्यांत चवथाई मिळविली तर ३५५ किलोमीटर, म्हणजे गांवठी मापानें ११० कोस. फौज रोज सहा कोस चालली असें धरलें तर अठरा एकोणीस दिवस. एकटा जासूद रोज वीस कोस गेला तर साडेपांच दिवस. आतां पाथरीच्या मुक्कामीं लिहिलेल्या पत्राचा उल्लेख तिसऱ्याच दिवशीं पुण्याच्या कागदांत आढळला, तर तीन शक्यता उरतात. डाक बसविलेली होती, किंवा एका कागदाची मिति चुकली आहे, किंवा दोहोंपैकीं एक कागद मागाहून रचलेला आहे. त्यांतहि पत्र श्रावणभाद्रपदांतील असेल तर संशय वाढतो, कारण पुण्याहून पाथरीस जाणें गोदावरी ओलांडल्यावांचून होत नाहीं, आणि गोदावरीस पूर असतां जासुदाचे दिवस नदीकांठींच जात. मिति ताडतांना ही अंतराची कसोटी लावण्यास खर्च कांहींच नाहीं. तरी ती पुष्कळदां लावली जात नाहीं.

पाथरीचें दुसरेंहि एक उदाहरण बोधप्रद आहे. बहामनी राज्य फुटल्यावर पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे राहिली. तिची राजधानी एलिचपूर. अहमदनगरच्या निजामशहाचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण होते असें फेरिस्ता सांगतो, आणि त्या नात्यानें हें ठाणें आपणांस मिळावें अशी बुऱ्हाण निजामशहाची मागणी होती. ती मान्य न झाल्यानें इ. स. १५१८ मध्यें त्यानें पाथरी जिंकून घेतली. पुढें इमादशहानें ती परत मिळविली, पण १५२७ च्या सुमारास ती पुन्हा निजामशाहींत गेली.

या भांडणाचें कारण अंतर हें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ठाणें शेवटीं कोणाच्या हातीं टिकलें याचा विचार करतांना अंतरें मोजून पाहावींत. पाथरीहून अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) सरळ रेषेनें सुमारें १८० किलोमीटर आहे. एलिचपूर (अचलपूर) सुमारें २४८. म्हणजे पाथरी ही आपल्या राजधानीपेक्षां शत्रूच्या राजधानीस जवळ होती. वाटेचाहि विचार करावा. नगरहून येणाऱ्या फौजेस गोदावरी उतरावी लागे. एलिचपुराहून येणारीस आधीं तापीस मिळणारी पूर्णा, मग पयनघाट सोडून बालाघाटाची चढण, आणि शेवटीं गोदावरीस मिळणारी दुसरी पूर्णा, इतकें ओलांडावें लागे. नगरची कुमक जितक्या दिवसांत पाथरीस येई तितक्यांत एलिचपूरची येणें कठीण होतें. पुढें वऱ्हाड मोगलांकडे गेल्यावर 'आईन'मध्यें पाथरी हें वऱ्हाड सुभ्याचें एक सरकार म्हणून नोंदलेलें आढळतें. कागदोपत्रीं तिचें जुनें नातें असें पुन्हा जुळलें.

(६) आगगाडी

हैदराबाद-गोदावरी खोरें रेल्वे ही ३९१ मैलांची मीटरमापी लाइन इ. स. १८९९ ते १९०१ या काळांत खुली झाली, व तीमुळें परभणी एकीकडून हैदराबादेशीं आणि दुसरीकडून मनमाडशीं जोडली गेली. मजलीचा हिशेब तेव्हांपासून मावळला. परंतु नवीं अंतरें सर्व दिशांस सारखीं कमी झालीं नाहींत. हें पाहण्यासाठीं लोहमार्गाच्या अंतरास सरळ अंतरानें भागावें. भागाकार एकाच्या जितका जवळ तितकी वाट सरळ.

परभणी ते संभाजीनगर लोहमार्गानें १७७ किलोमीटर, भागाकार १.०८. गोदावरीच्या खोऱ्यांतील सपाट जमिनीवर रूळ जवळजवळ रेघेसारखे गेले आहेत. परभणी ते सिकंदराबाद सुमारें ३३० किलोमीटर, भागाकार १.२ च्या आंत. परभणी ते मुंबई सुमारें ५५०, भागाकार १.३४. मनमाड हें परभणीपेक्षां जवळजवळ एक अंश उत्तरेस आहे. म्हणजे सरळ पश्चिमेस जाणाऱ्या प्रवाशास गाडी आधीं शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेकडे नेते, आणि मग कसाऱ्याचा घाट उतरवून तितकीच दक्षिणेस आणते. परभणी ते पुणें मनमाड व दौंड यांवरून गेलें तर सुमारें ६००, भागाकार १.९. नकाशावर पुणें हें मुंबईपेक्षां परभणीस शंभर किलोमीटरांनीं जवळ आहे, आणि या रुळांवरून तें पन्नास किलोमीटरांनीं अधिक लांब आहे !

याशिवाय मनमाडास आणखी एक अडचण होती, ती मैलांत मोजतां येत नाहीं. परभणीची लाइन मीटरमापी, मुंबईची रुंदमापी. त्यामुळें प्रत्येक प्रवाशास व प्रत्येक पोत्यास तेथें एका गाडींतून उतरून दुसरींत चढावें लागे. परभणीचा कापूस मुंबईस जातांना मनमाडास हमालांच्या पाठीवरून जाई. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ही लाइन रुंदमापी झाली, तेव्हां हा खोळंबा संपला. अंतर एका किलोमीटरानेंहि कमी झालें नाहीं, पण मुंबई जवळ आली.

जुन्या वेळापत्रकांवरून प्रवासाचा काळ काढणारांनीं आणखी एक खबरदारी घ्यावी. इ. स. १९०६ च्या आरंभीं सर्व देशाची एक प्रमाणवेळ ठरली. त्यापूर्वीं रेल्वेचा व्यवहार मद्रासच्या वेळेनें चाले, आणि मुंबईची वेळ तिच्या अर्धा तास मागें होती. प्रमाणवेळ आल्यावरहि मुंबई शहरानें आपली ३९ मिनिटें मागची वेळ १९५५ पर्यंत टिकविली. तेव्हां सुटण्याची वेळ एका घड्याळाची व पोंचण्याची दुसऱ्या घड्याळाची, असा घोटाळा होऊन प्रवास अर्धा तास लहान किंवा मोठा दिसूं शकतो.

(७) विमान

इ. स. १९३२ च्या १५ ऑक्टोबरास कराचीहून मुंबईस टाटांचें पहिलें टपालविमान आलें. त्या विमानाचा वेग ताशीं शंभर मैलांच्या आसपास होता. त्या वेगानें परभणी ते मुंबई अंतर अडीच तासांचें झालें असतें. आज प्रादेशिक मार्गांवर चालणारीं पंख्याचीं विमानें ताशीं सुमारें ५०० किलोमीटर जातात. ४१० ला ५०० नीं भागलें कीं ४९ मिनिटें येतात. परभणी ते मुंबई विमानवेळ पाऊण तास, असें सांगणें मग सोपें होतें. हें उत्तर गणितानें बरोबर आणि व्यवहारानें निरर्थक आहे. त्याचीं कारणें तीन.

पहिलें, विमान धांवपट्टीवर चालतें, चढतें, उतरण्याची पाळी येईपर्यंत थांबतें, आणि उतरतें. या सर्वांत पूर्ण वेगानें जाणें नसतें. यासाठीं वीस ते पंचवीस मिनिटें नेहमीं मिळवावीं लागतात. म्हणून अंतर जितकें थोडें तितका भागाकार अधिक फसवा. दुसरें, वारा. ४६८ किलोमीटर जाण्यास ताशीं ५०० च्या वेगानें ५६ मिनिटें लागतात. समोरून ताशीं ५० किलोमीटरांचा वारा असेल तर ६२, आणि पाठीमागून असेल तर ५१. जाण्याचा व येण्याचा वेळ सारखा न दिसण्याचें एक कारण हेंच. तिसरें कारण सर्वांत मोठें : परभणीस प्रवासी विमानतळ नाहीं.

जवळचा विमानतळ नांदेडचा. इ. स. २००८ मध्यें गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानें त्याची नवी उभारणी झाली. २७ एप्रिल २०१७ रोजीं केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेखालीं जे पहिले मार्ग सुरू झाले त्यांत नांदेड ते हैदराबाद हा एक होता. त्या मार्गावर विमानें चालविणाऱ्या कंपनीचें काम २०२२ मध्यें बंद पडलें; पुढें दुसऱ्या कंपनीनें नांदेडहून सेवा सुरू केली. यावरून विमानवेळेचा एक विशेष ध्यानांत येतो. रुळांचें अंतर एकदां झालें कीं कायम राहतें. विमानाचें अंतर वेळापत्रक चालू असेल तोंवरच असतें.

आतां परभणीच्या प्रवाशाचा पुरा हिशेब करूं. नांदेड पूर्वेस आहे आणि मुंबई पश्चिमेस. म्हणजे मुंबईस उडण्यासाठीं प्रथम मुंबईकडे पाठ करून सत्तर पंच्याहत्तर किलोमीटर जावयाचें; त्यास दीड ते दोन तास. विमानतळावर एक तास. नांदेड ते मुंबई सरळ अंतर ४६८ किलोमीटर, म्हणजे वरच्या हिशेबानें सुमारें ८० मिनिटें. मुंबईंत बाहेर पडून इष्ट स्थळीं जाण्यास आणखी एक तास. एकूण पांच तासांच्या आसपास. त्यांत खरें उडणें चवथाईहून थोडेंच अधिक. आगगाडीस दहा ते अकरा तास लागतात. विमानानें वेळ निम्मा केला हें खरें. पण पाऊण तास म्हणणें आणि पांच तास लागणें, यांतील फरक हाच जिल्ह्यांतील माणसाचा अनुभव होय.

(८) राजधानी बदलली तेव्हां

हा सर्व खटाटोप आम्हीं कशासाठीं केला, तें आतां सांगतों. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत व त्यानंतर हैदराबाद संस्थानांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. मराठी बोलणारा मुलूख मराठी राज्यांत यावा ही येथील लोकांची स्वतःची आकांक्षा होती, व ती योग्यच होती. परंतु त्या दिवशीं राजधानीचें अंतर मात्र वाढलें. हैदराबाद सरळ रेषेनें २७७ किलोमीटर होतें. मुंबई ४१० झाली. रुळांनीं ३३० चे ५५० झाले, आणि वाटेंत मनमाडास गाडी बदलणें आलें. ज्यास सचिवालयांत अर्ज नेऊन द्यावयाचा, किंवा उच्च न्यायालयांत अपील चालवावयाचें, त्याचा भाडेखर्च व खोळंबा त्या एका तारखेनें दीडपटीहून अधिक वाढला. भाषेनें जें जवळ आलें तें वाटेनें लांब गेलें. त्या काळच्या मागण्या व गाऱ्हाणीं वाचतांना हे आंकडे जवळ ठेवले नाहींत तर त्यांतील कळकळ समजत नाहीं. ती नुसती तक्रारखोरी वाटते.

इ. स. १९८१ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ औरंगाबादेस सुरू झालें, तेव्हां अपिलाचें अंतर ५५० चें १७७ झालें. रूळ तेच, गाडी तीच. बदललें तें केवळ न्यायालय बसण्याचें ठिकाण. विमान न उडवितां अंतर कमी करण्याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस या भागांत दुसरें दिसत नाहीं.

जून २०२५ मध्यें मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग पूर्ण खुला झाला. तो जालन्यावरून वाशीमकडे जातो, परभणी जिल्ह्यांतून जात नाहीं. मध्यरेषेवरील वत्सगुल्मास वाट मिळाली; पर्यली आणि तिच्या उत्तरेची परभणी अद्याप बाजूस आहे.

आमचें गणित स्थूल आहे हें आम्ही जाणून आहों. पांचदहा किलोमीटरांचा फरक कोणी दाखविल्यास वाद घालणार नाहीं. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, सेलू व मानवत या गांवांतील जुन्या घराण्यांच्या दफ्तरांत मजलींचे तपशील, जासुदांच्या मजुरीचे हिशेब किंवा घाटउतारांचे आकार सांपडण्याचा पुष्कळ संभव आहे. ज्यांच्यापाशीं असे कागद असतील त्यांनीं त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, आणि प्रत्येक नकलेवर मूळ गांव व मिति अवश्य लिहावी. त्या कागदांवरून प्रत्यक्ष वाटेचें अंतर निघेल, आणि मग वर पुणें ते पाथरी या वाटेस आम्हीं जी चवथाई अजमासानें मिळविली तिच्या जागीं खरा आंकडा घालतां येईल.